राजारामपुरीतून दीक्षान्त मंडपाकडे

कोल्हापूरच्या रेल्वे स्टेशनवर उतरून परीख पुलाखालून पलीकडे गेले की राजारामपुरी लागते. जोराचा पाऊस झाला की या पुलाखाली पाणी साचते आणि कामावर निघालेली माणसे चपला हातात घेऊन पलीकडे जातात. एरवी बारा महिने ही कष्टकऱ्यांचीच वाट आहे. उद्यमनगरातल्या लेथवर जाणारा कामगार, बंगल्यांतून धुणीभांडी करणारी बाई, दवाखान्यात आया म्हणून राबणारी म्हातारी, सगळे सकाळी याच रस्त्याने भराभर चालताना दिसतात. त्यांच्याच पायात पाय घालत कॉलेजची मुले-मुली.

राजर्षी शाहू महाराजांचे चिरंजीव छत्रपती राजाराम महाराज यांची कारकीर्द १९२२ ते १९४० अशी. त्यांच्याच नावाची ही वसाहत. जुन्या कोल्हापुरातल्या पेठांमध्ये नवखा माणूस हमखास चुकतो; एका बोळातून दुसऱ्या बोळात शिरतो आणि फिरून पहिल्याच पिंपळाखाली येतो. राजारामपुरीत तसे होत नाही. मधून सरळ मुख्य रस्ता आणि गल्ल्यांना नुसते आकडे. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, पाचवी, नववी. पत्ता सांगायला ना देवाचे नाव लागते ना जातीचे. आमच्यासारख्यांना हे फार बरे वाटते. 'अमुक वाडा' म्हणून ज्यांचा पत्ता पिढ्यानपिढ्या गावाबाहेरचा सांगितला गेला, त्यांना 'सातव्या गल्लीत राहतो' असे सांगण्यातला मोकळेपणा कळेल.

पण सगळीच राजारामपुरी बंगल्यांची आहे असे कोणी समजू नये. याच भागात मातंग वसाहत आहे, आणि थोडे पुढे गेले की राजेंद्रनगरची दाटीवाटीची घरे आहेत. मुख्य रस्त्यावर मात्र कपड्यांची दुकाने, डॉक्टरांच्या पाट्या, क्लासच्या जाहिराती आणि फोटो स्टुडिओ. स्टुडिओच्या काचेत पदवीच्या झग्यातले फोटो लावलेले असतात. डोक्यावर चौकोनी टोपी, हातात गुंडाळी, आणि चेहऱ्यावर फोटोग्राफरने 'हसा' म्हटल्यावर आणलेले हसू. ज्ञानपीठ मिळवणारे वि. स. खांडेकर याच राजारामपुरीत राहत. कोकणातल्या शिरोड्याच्या शाळेत अठरा वर्षे मास्तरकी करून १९३८ साली ते कोल्हापूरला आले. लोक त्यांना लेखक म्हणून ओळखतात, पण माणूस मूळचा शिक्षक होता हे विसरू नये.

पहिल्या गल्लीत कमला कॉलेज आहे, मुलींचे. शिवाजी विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ जवळ आला की अलीकडच्या वर्षांत येथून ग्रंथदिंडी निघते. पालखीत पुस्तके असतात. लेझीम, ढोल-ताशे, फेटे बांधलेल्या मुली, आणि विद्यापीठातले मोठे लोक पालखीला खांदा देताना. पंढरीच्या दिंडीची सवय असलेल्या माणसाला वाटावे ही कोणत्या देवाची पालखी, आणि जवळ जाऊन पाहावे तर आत पुस्तके! ज्यांच्या वाडवडिलांना अक्षराची सावलीही घेऊ दिली नाही, त्यांनी ही पालखी मुलांना एकदा तरी दाखवावी.

आईचा पुतळा नावाचा एक चौक या भागात आहे. राजे, पुढारी, सैनिक यांच्या पुतळ्यांनी भरलेल्या शहरात एक चौक नुसत्या आईच्या नावाने ओळखला जातो, ही कोल्हापूरची मला आवडलेली गोष्ट. तिथून सायबर चौक, आणि मग सागरमाळावरचे विद्यापीठाचे प्रवेशद्वार. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते या विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. त्या वेळी हा उघडा माळ होता. आता झाडी वाढली आहे, आणि मुख्य इमारतीसमोर शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे. पदवी घेऊन बाहेर पडणारे प्रत्येक कुटुंब त्या पुतळ्यापुढे उभे राहून फोटो काढते. कॅमेरा कोणाकडे द्यायचा यावरून बाप-लेकात थोडी खेचाखेची होते, कारण फोटोत सगळेच यायला हवे असतात.

'दीक्षान्त' हा शब्द मला प्रथम ऐकला तेव्हा खटकला होता. दीक्षेचा अंत? आपल्या घरात दीक्षा म्हटले की १४ ऑक्टोबर १९५६ आणि नागपूर. तो तर आरंभ होता. आणि त्या दिवशी नागपुरात जे घडले त्यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. बाबासाहेबांनी प्रतिज्ञा दिल्या आणि लाखो माणसांनी उभे राहून त्या आपल्या तोंडाने उच्चारल्या. गिरणी कामगार बोलला, विडी वळणारी बाई बोलली, शेतमजूर बोलला. त्या सोहळ्यात नुसता श्रोता असा कोणी नव्हताच.

विद्यापीठाच्या दीक्षान्त सोहळ्यात ज्ञानदंड घेतलेला अधिकारी पुढे, मागे झगे घातलेल्या मान्यवरांची मिरवणूक, सगळे उभे, मग अहवाल, मग पाहुण्यांचे भाषण. विद्यार्थी उभे राहतात, पदवी दिल्याचे जाहीर होते, विद्यार्थी बसतात. शिस्त चांगली असते, थाटही असतो. मात्र ज्याच्यासाठी हा सारा घाट घातला, तो विद्यार्थी सगळ्या समारंभात तोंड उघडत नाही. त्याला शिकवणारा मास्तरही नाही. बोलतो तो पाहुणा. त्याने या मुलांना त्याआधी पाहिलेले नसते, आणि पुढेही तो पाहण्याची शक्यता कमी.

आता विद्यापीठाबरोबर कॉलेजेही आपापल्या आवारात पदवी प्रमाणपत्रे वाटतात. अशाच एका समारंभाला मी बहिणीच्या मुलीबरोबर गेलो होतो. कॉलेजचे नाव सांगत नाही, कारण दोष एका कॉलेजचा नव्हे. मुलीचे वडील उद्यमनगरात लेथवर. त्यांनी अर्धा दिवस खाडा केला. बहिणीने धुण्याभांड्याची तीन घरे पहाटेच उरकली आणि ठेवणीतले पांढरे पातळ नेसून आली. पत्रिकेवर दहाची वेळ. पाहुणे साडेअकराला आले. स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, मनोगत, पाहुण्यांचे भाषण, अध्यक्षीय भाषण. पाहुण्यांनी देशाची प्रगती सांगितली, तरुणांनी मोबाईल कमी वापरावा असे सांगितले, आणि आपण स्वतः किती कष्टातून वर आलो तेही सांगितले. मग घड्याळ पाहून प्रमाणपत्रे वाटली. वीस-वीस मुलांचा गट मंचावर, एक फोटो, खाली. आमच्या मुलीचे नाव ध्वनिक्षेपकातून एकदा आले, तेही निम्मे टाळ्यांत बुडाले.

बाहेर चहाच्या रांगेत बहीण म्हणाली, "एवढं सगळी बोलली रं दादा, पर आमच्या पोरींनी काय केलं ते कुणीच न्हाई बोललं."

तेवढ्यात मुलीच्या मराठीच्या बाई तिथे आल्या. त्यांनी बहिणीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "पहिल्या वर्षी ही शेवटच्या बाकावर बसायची. हजेरीला 'यस मॅडम' म्हणायलासुद्धा लाजायची. तिसऱ्या वर्षी ग्रंथालय बंद करायची वेळ झाली की शिपाई मला येऊन सांगायचा, तुमची ती मुलगी उठत नाही, तुम्हीच उठवा." एवढेच बोलल्या. अर्धा मिनिट लागला असेल. बहिणीने पदराने डोळे पुसले. सबंध सकाळच्या भाषणांत जे आले नाही ते चहाच्या रांगेत आले. या बाईंना मंचावर पाच मिनिटे द्यायला काय हरकत होती, हे मला अजून उमगलेले नाही.

आमच्या मुलुखात विद्यार्थ्याने बोलण्याची परंपरा नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. उलट आपल्याच इतिहासात तिची सुरुवात आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापला गेला. आपल्या माणसांवर काय गुदरले हे तिने धर्ममार्तंडांना उघड विचारले. मोठ्या माणसांनी तिला काय शिकवले हे आज कोणी आठवत नाही, पण ती काय बोलली ते पावणेदोनशे वर्षांनी आपण मुलींना सांगतो. शाळा काढणाऱ्याचे मोठेपण शाळेतल्या मुलीच्या तोंडून जगाला कळले.

कोल्हापूरच्या मातीतला दाखला घ्या. शाहू महाराजांनी १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केले, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पण ते नुसती शाळा काढून थांबले नाहीत. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातले प्राध्यापक भीमराव आंबेडकर, वय अवघे २८. प्राध्यापकीचा राजीनामा त्यांनी त्याच महिन्यात दिला होता. महाराज स्वतः त्या परिषदेला आले आणि तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला असे लोकांना सांगितले. आपल्यातल्या शिकलेल्या तरुणाला व्यासपीठ द्यायचे आणि राजाने समोर बसून ऐकायचे, हे कोल्हापूर संस्थानात शंभर वर्षांपूर्वी घडून गेले आहे.

बाबासाहेबांच्या आयुष्यातले १९५२ हे वर्ष या बाबतीत पाहण्यासारखे आहे. ५ जूनला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आपल्या पदवीदान सोहळ्यात त्यांना डॉक्टर ऑफ लॉज ही सन्माननीय पदवी दिली. प्रकृती ढासळलेली असताना ते एवढा लांबचा प्रवास करून गेले. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या वार्षिक स्नेहसंमेलनाला आले. हे कॉलेज १८८० सालचे. पूर्वी भवानी मंडपाजवळ होते, आता सागरमाळावर, विद्यापीठाच्या शेजारी आहे. बाबासाहेब तिथल्या मुलांशी ज्ञानाविषयी बोलले. ज्ञान हा माणसाच्या जीवनाचा पाया आहे आणि विद्यार्थ्याने स्वतः विचार करायला शिकावे, असा त्या भाषणाचा रोख होता. बिंदू चौकात भाई माधवराव बागलांनी महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी बसवले होते. म्हणजे ज्या शहरात आपला पुतळा उभा आहे त्या शहरात येऊन हा माणूस कॉलेजच्या पोरांना 'स्वतः विचार करा' म्हणून सांगत होता.

पाहुणा असा असेल तर भाषण हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण असा पाहुणा दर वर्षी कुठून आणणार?

अमेरिकेत या समारंभाला 'आरंभ' अशा अर्थाचे नाव आहे. हार्वर्डला १६४२ साली पहिली तुकडी बाहेर पडली तेव्हा विद्यार्थ्यांनीच लॅटिन भाषेत भाषणे केली आणि वाद घातले. ते पडले श्रीमंतांचे कॉलेज. पण त्याच देशात कम्युनिटी कॉलेज नावाचा दुसरा प्रकार आहे. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी पहिले निघाले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, घराजवळ, फी कमी. दिवसा हॉटेलात बश्या धुणारा, मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिकायला बसलेली आई, कारखान्यातून काढलेला मजूर, असे लोक तिथे शिकतात. आणि त्यांच्या पदवीच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी एक विद्यार्थी बोलतो, एक शिक्षक बोलतो. विद्यार्थी बहुधा आपल्या घरची गोष्ट सांगतो. मागे बसलेल्या आयाबापांना ती समजते, कारण ती त्यांचीच असते.

आपल्याकडे हे कॉलेज नवीन नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मुंबईतले सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली निघाले ते नोकरी करणाऱ्या मुलांची सोय पाहून; सकाळी वर्ग, मग कामावर. त्या कॉलेजात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. मुलेच तिथे सभागृह चालवीत. बाबासाहेब देशाचे कायदेमंत्री असताना हिंदू कोड बिलावर त्या संसदेपुढे बोलले. पोस्टात टपाल निवडणारा पोरगा कॉलेजात येऊन उभा राहून बोलायला शिकला, हे त्या कॉलेजने दिलेले शिक्षण पदवीच्या कागदावर लिहिलेले नसते. पुढे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले, त्याचे विभागीय केंद्र कोल्हापूरलाही आहे. चाळिशीतली अंगणवाडी सेविका, एस.टी.चा वाहक, पोलीस शिपाई, असे लोक तिथून पदवीधर होतात. यांच्यातल्या एकेकाला माईक दिला तर कोणत्या पाहुण्याची गरज पडेल, सांगा.

विद्यापीठाला शिकवायला आपण कोण, असे वाटून मी हा विषय सोडूनही दिला असता. पण मग आपल्याच वस्तीतला गुणगौरव समारंभ आठवला. जून-जुलैत दहावी-बारावीचे निकाल लागले की प्रत्येक विहारात तो होतो. तिथे आपण निराळे काय करतो? नगरसेवक, साहेब, संस्थाचालक, मंडळाचे अध्यक्ष, एकामागून एक भाषण. मुले सतरंजीवर दोन तास मांडी घालून बसतात. शेवटी एक ट्रॉफी, एक वही, एक फोटो. ट्रॉफी कपाटावर धूळ खाते.

बाबासाहेबांनी इंग्रजी चौथी पास केल्याचा असाच एक समारंभ वस्तीच्या लोकांनी केला होता. त्यांनी स्वतःच ते लिहून ठेवले आहे. वडील आधी तयार नव्हते. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणाले. दादा केळुसकरांनी त्यांची समजूत घातली, तेच अध्यक्ष झाले, बोलले, आणि शेवटी आपण लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हातात दिले. त्या एका पुस्तकाने पुढे काय घडवले ते आपण जाणतो. ट्रॉफीऐवजी पुस्तक द्यावे हे तर यावरून कळतेच. त्याखेरीज, पास झालेल्या प्रत्येक मुलाला दोन मिनिटे द्यावीत आणि एका शिक्षकाला पाच मिनिटे, एवढी माझी मंडळांना विनंती. गणिताचे मास्तर असोत की बालवाडीच्या बाई. ज्यांनी मुलाला घडताना पाहिले, त्यांना बोलवावे. साहेबांना पहिल्या रांगेत बसवावे आणि चहा द्यावा. राग धरतील असे नाही. एखाद्याला बरेच वाटेल.

बहिणीच्या वस्तीत गेल्या जुलैत हे करून पाहिले. कार्यकर्त्यांत आधी बरीच कुरबुर झाली. पोरांना काय बोलता येतंय, वेळ जाईल, साहेब काय म्हणतील. शेवटी ठरले. दोन मुले काही न बोलता नुसती 'जयभीम' म्हणून बसली, एकाने पाठ केलेले भाषण मध्येच विसरून टाकले. तरी कोणी हसले नाही.

मग आमची मुलगी उठली. कॉलेजच्या मंचावर ज्या बोलल्याच गेल्या नाहीत त्या गोष्टी तिने सांगितल्या. घर एका खोलीचे. वडिलांची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपत, त्यामुळे घरात वाचता येत नसे. म्हणून ती विहारात येऊन वाचत असे. विहाराची किल्ली शेजारच्या आजींकडे. परीक्षेच्या दिवसांत ती पहाटे पाचला किल्ली मागायला जायची, आणि आजींनी तीन वर्षांत एकदाही 'एवढ्या लवकर कशाला' म्हटले नाही. किल्लीबरोबर कधी चहाचा कप, थंडीच्या दिवसांत आपली शाल. बाईंचे नाव तिने घेतले, ग्रंथालयाच्या शिपायाचे घेतले, आणि मग म्हणाली, माझ्या पदवीत आजींच्या किल्लीचा वाटा आहे. लेथवरच्या बापाने मान खाली घातली होती ती वर केली नाही.

आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येते. शेजारच्या बाईने कानाशी लागून सांगितले, "आजी, तुमच्या किल्लीचं नाव काढलं बघा पोरीनं."

आजी दचकल्या. म्हणाल्या, "का? हरवली काय तिनं?"

सगळा विहार हसला. मुलीने कमरेची किल्ली काढून वर धरून दाखवली, आणि सूत्रसंचालकाने बारावीच्या मुलाला पुकारले.